बोक्याच्या जिभेखालची दोरी

३ तारीख, मंगळवार

ही वही नर्सबाईंनी दुधाच्या वेळा लिहायला सांगितली म्हणून आणली. पहिली काही पानं इमानदारीत भरली. आता वेळ लिहिली की पुढे 'प्यायला' लिहायचं की 'भांडला' हेच ठरत नाही, म्हणून उरलेल्या पानांवर मी माझंच लिहिणार आहे. घरात बोलायला माणसं आहेत, पण मी मनातलं बोलले की आई डोळ्यांना पदर लावते आणि मास्तर खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

आज दवाखान्यात वजन केलं. वाढलेलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेलाही असंच असलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल." मग त्यांनी बाळाची जीभ बोटाने वर केली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा. जीभ खाली बांधल्यासारखी आहे. दोरी दिसते का?" दिसली. पातळ, पांढुरकी, जवळजवळ जिभेच्या टोकापर्यंत आलेली. तो रडला की टोक मधोमध आत ओढलं जात होतं. "हिच्यामुळे त्याला नीट धरता येत नसेल. कापता येते. पण डॉक्टरांना दाखवा आणि तुम्ही दोघं ठरवा."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. इतके दिवस मी माझ्यातच काही कमी आहे म्हणून रडत होते. छातीला जखमा, आणि पोरगं उपाशीच. दोष सापडला की मला बरं वाटतं. कपड्यांच्या कारखान्यात माझं कामच ते आहे. शिवून झालेला शर्ट माझ्या टेबलावर येतो, मी तो उलटासुलटा करते, टाका सुटला असेल तिथे लाल बाण चिकटवते आणि शर्ट ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत जातो. सुपरवायझर म्हणतो, हिच्या टेबलावरून माझी स्वतःची आईसुद्धा पास व्हायची नाही.

बाळाचं नाव अजून ठरत नाही. आईने जन्मल्या दिवशीच त्याला बोका म्हटलं, कारण दुधासाठी अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. आता हे नाव ऐकलं की मला कसंतरी होतं, पण तेच चिकटलं.

५ तारीख, गुरुवार

मास्तरला सांगून दोन दिवस झाले. आज कुठे तोंड उघडलं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. त्याच कारखान्यात कटिंग मास्तर आहे. लग्नाआधी सगळ्यांसारखी मीही मास्तर म्हणायचे, लग्नानंतर तेच राहिलं, फक्त 'तुम्ही'चं 'तू' झालं. हा माणूस कापडाचे थरावर थर रचून एका दमात कापतो. मशीनची पाती बोटांच्या अगदी जवळून जाते आणि हा शिट्टी वाजवत असतो. आणि आज मला विचारतो, "कापायचंच का?"

"मग काय त्याला इस्त्री करायची?"

"तसं नाही गं. थोडं थांबू या. कापड आलं की आपण लगेच कापत नाही. उलगडून तसंच पडू देतो. गुंडाळीत ताणलेलं असतं, मोकळं झालं की आखडतं. घाईने कापलं तर शर्ट लहान होतो."

"हे कापड नाही."

"म्हणून तर म्हणतोय."

मग मी दार आपटलं. दार आपटल्यावर बोका उठला, ते वेगळंच.

६ तारीख, शुक्रवार

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. आता मी प्रत्येक वेळी पाजण्याआधी नीट तपासते. नखं अगदी बारीक कापलीत. साबणाने हात धुते, त्याला मांडीवर आडवा घेते, ओठ वर, मग बोट जिभेखाली, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च. हात बसला आहे. नर्सबाईंपेक्षा मला लवकर दिसतं.

वरच्या ओठाखालीसुद्धा एक दोरी आहे. फोनवर बाळंतिणींचा ग्रुप आहे, त्यातल्या एका बाईने सांगितलं होतं, तिच्या मुलीच्या दोन्ही दोऱ्या कापल्या. जिथे एक दोष असतो तिथे दुसरा असतोच, हा माझा टेबलावरचा अनुभव आहे.

९ तारीख, सोमवार

दोरी घट्ट होत चालली आहे असं मला वाटतं. परवापर्यंत पीत नव्हता तरी झडप घालायचा. आता मांडीवर आडवा घेतला की धनुष्यासारखा ताठ होतो आणि तोंड फिरवतो. छाती समोर आहे, दूध ठिबकतंय, आणि हा मिटल्या तोंडाने किंचाळतो. मिटल्या तोंडाने किंचाळता येतं हे मला माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "तू सारखं त्याच्या तोंडात काय बघतेस?"

"अगं आई, बघितलं नाही तर कळणार कसं?"

"मला नव्हतं कळत काही. तू प्यायलीस."

आईचं हे असं आहे. तिच्या काळी कुणालाच काही होत नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझ्या काळी नसेल होत, माझ्या काळी होतं. ती उठून भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

ग्रुपवर दिवसभर वाचते. एक म्हणते कापल्याबरोबर पोर गटागटा प्यायला लागलं. दुसरी म्हणते कापूनही काही झालं नाही, उगाच रक्त काढलं. तिसरीची पुन्हा चिकटली. चौथी म्हणते पुढे बोलताना अडखळेल. पाचवीच्या नवऱ्याची जीभ अशीच आहे आणि तो वकील आहे. सकाळी वाटतं आत्ताच्या आत्ता कापून आणावी, दुपारी वाटतं नको. माझं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललंय आणि डोक्याचा भुगा झालाय.

१० तारीख, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी माझा बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा मी कुशीवर आडवी होते आणि बोका पीत होता. आईने हळूच आणून शेजारी ठेवला होता. शांत पीत होता, एक हात माझ्या पोटावर. मधूनमधून सुटत होता, टक टक आवाज येत होता, दुखतही होतं, पण स्वतःहून परत येत होता.

पीत असताना जीभ कशी हलते ते बघायची ही चांगली संधी होती. मी हळूच टॉर्चकडे हात नेला तर त्याने सोडलं ते सोडलंच.

फार भूक लागली असणार, म्हणून प्यायला. एक शर्ट बरा निघाला म्हणून अख्खा गठ्ठा पास करत नाहीत. आई दारातून बघत होती.

१३ तारीख, शुक्रवार

मंगळवारची वेळ मिळाली. मास्तरला सांगितलं. म्हणाला, "ठीक आहे, जाऊ." एवढंच. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती.

एक गोष्ट मला खुपते, ती लिहूनच टाकते. मी पाजायला बसले की हा खोलीत थांबत नाही. शर्ट चढवतो, कचरा टाकायला जातो, नसलेला कचरा टाकायला जातो. पोर माझं एकटीचं असल्यासारखं. बोक्याचं रडणं मी ऐकायचं, जखमा मी सोसायच्या, आणि मत मात्र दोघांचं. आज मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मला बघवत नाही."

"मग मला काय बघवतं?"

त्याने कचऱ्याची रिकामी पिशवी उचलली. मी परत बोक्याच्या तोंडात बघितलं. दोरी तशीच.

१७ तारीख, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

डॉक्टरीण माझ्यापेक्षाही लहान निघाली. ही काय सांगणार, असं मनात आलं. तिने वजन बघितलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी पाजा. मी नुसती बघते."

"आधी दाखवते," मी म्हटलं, "मग तुम्हाला लगेच कळेल." आणि रोजच्यासारखं त्याला आडवा घेतला. ओठ वर, बोट खाली, एका झटक्यात. दोरी समोर. बोका निळा पडेपर्यंत ओरडला.

ती दोरीकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. "छान जमतं तुम्हाला. घरी किती वेळा करता हे?"

"प्रत्येक वेळी," मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे लिहायलाच हवं. "पाजायच्या आधी. मध्ये सुटला तर मध्येही."

"आणि छातीपासून तोंड कधीपासून फिरवतो?"

मागे आई बसली होती, ती खाली फरशीकडे बघायला लागली. मास्तर माझ्याकडे बघत होता. मी मनात दिवस मागे मोजत गेले आणि जिथे जायचं नव्हतं तिथेच पोहोचले. नर्सबाईंनी दोरी दाखवण्याआधी तो नीट पीत नव्हता, पण यायचा. हपापून यायचा.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर मला आवडलं असतं. म्हणाली, "दोरी आहे. तुम्ही चूक बघितलं नाही. पण आज मी कापणार नाही, कारण तो दोरीमुळे पीत नाही की बोटामुळे, हे मला आज कळायचं नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत त्याच्या तोंडात दुधाशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. दूध काढून चमच्याने पाजा. छातीशी नुसतं धरा, आला तर आला. दुपटी कमी ओली होतायत किंवा तो मलूल वाटतोय असं झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं."

ओठाच्या दोरीचं विचारलं. "ती सगळ्यांनाच असते. तिला हातही लावायचा नाही."

घरी आल्या आल्या मी आरशात ओठ वर करून बघितला. मला आहे. आईला आहे. मास्तरने दाखवायला नकार दिला.

मला फार लाज वाटते आहे. माझं लेकरू मला घाबरत होतं आणि मी ते पुरावा म्हणून जपून ठेवत होते.

१८ तारीख, बुधवार

बघितलं नाही. सकाळपासून एकदाही नाही. तो जांभई देतो तेव्हा मान आपोआप खाली जाते, म्हणून जांभई आली की छताकडे बघते. आई हसली. मग मीही हसले, मग रडले.

आईला म्हटलं, तुला कळलं होतं ना? बोलली का नाहीस?

"बोलले की. तू ऐकायच्या मनःस्थितीत होतीस का? आणि मला तरी खात्री कुठे होती. दोरी तर मलाही दिसली होती."

बोका चमच्याने प्यायला. छातीशी धरला तर तोंड फिरवून पडून राहिला. पण ताठ झाला नाही.

२१ तारीख, शनिवार

आला. कुणी काही केलं नाही. मी आडवी होते, तो शेजारी, त्याने डोकं घासत घासत शोधलं आणि धरलं. मला हलायची भीती वाटत होती, नाकाला खाज सुटली तीही सोसली.

मास्तर शर्ट चढवून बाहेर निघाला होता. दारातून परत आला आणि जमिनीवर बसला. पूर्ण वेळ बसला. बोका धरतो, चार घोट घेतो, टक करून सुटतो, पुन्हा धरतो, घाम येतो, थकून झोपतो, उपाशीच उठतो. हे सगळं त्याने पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितलं. मी म्हटलं, "कचरा टाकायचा होता ना?" तो म्हणाला, "असू दे."

तेव्हापासून प्रत्येक वेळी येऊन बसतो. कामावर नवीन माल आला की असाच आधी टेबलाभोवती फिरून नीट बघून घेतो.

२४ तारीख, मंगळवार

वजन थोडं वाढलं. पण ते चमच्याच्या दुधाचं आहे, हे मलाही कळतं.

डॉक्टरीणबाईंसमोर पाजलं. या वेळी त्याने माझ्याकडे बघत धरलं. बाईंनी बराच वेळ बघितलं, कान लावून टक टक ऐकलं. मग स्वतः एकदाच तोंडात बोट घातलं, त्याला ते चोखू दिलं, आणि म्हणाल्या, "आता कळतंय. त्याला यायचं आहे, पण जीभ पुढे येत नाही. कापलं तर बहुतेक सोपं जाईल. खात्री कुणीच देणार नाही. नाही कापलं तर तुमचं आणि वरचं मिळून वाढेल, त्यातही वाईट काही नाही. घरी जा, ठरवा, सांगा."

म्हणजे मी खरी होते आणि खोटीही होते. निदान एक काहीतरी धड असायला हवं होतं.

घरी येऊन मी म्हटलं, "नको कापायला."

मास्तरने मान वर केली. "तूच म्हणत होतीस."

"तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास होता. आता नाही. मी त्याला इतके दिवस छळलं आणि मला वाटत होतं मी काळजी घेते. उद्या कापलं आणि तेही चुकलं तर मी कुठे जाऊ?"

तो बोक्याला खांद्यावर घेऊन फिरत होता. फिरता फिरताच बोलला. "मी नको म्हणत होतो, पण मी बघितलंच नव्हतं. कापडाकडे न बघता, कापू नका म्हणत होतो. ती अक्कल नाही, नुसती भीती. आता चार दिवस बघितलं. तो खूप कष्ट करतो गं. इतक्या कष्टात मोठा माणूससुद्धा रुसून बसला असता. कापू या."

"आणि चुकलं तर?"

"तर दोघांचं चुकेल."

आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला विचारू नका, मी रडेन." आणि रडलीच.

मी हो म्हटलं. जीव टांगणीला लागला आहे, पण निदान दोघांचा लागला आहे.

२६ तारीख, गुरुवार

झालं.

बाईंनी विचारलं, डोकं कोण धरणार? मास्तर पुढे झाला. मला बाहेर थांबा म्हणाल्या. आतून एकदाच किंकाळी आली, त्यापेक्षा मोठी किंकाळी तो अंघोळीला फोडतो. लगेच दार उघडलं आणि बोका माझ्या हातात. खालच्या ओठाला रक्ताचा एक ठिपका. मी छातीशी लावला. धरलं. वेगळं लागलं, खोल. टक आवाज आला, पण कमी. दुखलं, पण कमी. ग्रुपवरच्या बाईसारखा गटागटा वगैरे काही प्यायला नाही. थोडं प्यायला आणि माझ्या पोटावर हात ठेवून झोपला. मी तिथेच खुर्चीत ढसाढसा रडले.

मास्तरचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाला, "कात्री चांगली होती."

निघताना बाईंनी जे सांगितलं त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. जखम पुन्हा चिकटू नये म्हणून काही दिवस जीभ बोटाने हलकेच वर उचलायची. दिवसातून काही वेळा. "सगळे डॉक्टर सांगत नाहीत, पण याची फार पुढेपर्यंत होती, म्हणून मी सांगते." मग माझ्याकडे बघून थांबल्या. बसमध्ये मी माझ्या हातांकडे बघत राहिले. साबण, नखं, टॉर्च, सगळं पुन्हा. इतक्या मुश्किलीने तो परत आला होता.

२७ तारीख, शुक्रवार

सकाळी मी हात धुतले आणि मोरीपाशीच उभी राहिले. मास्तर मागून आला. आज येत नाही म्हणून कामावर कळवलं होतं त्याने.

"तू नको करूस," तो म्हणाला. "तू फक्त दूध पाज. बोटाचा वाईटपणा मी घेतो."

"तुला जमणार नाही. तुला बघवत नाही."

"आता बघवतं."

त्याने बोक्याला दुसऱ्या खोलीत नेलं. मुद्दाम दुसऱ्या खोलीत, माझ्या वासापासून लांब. नखं काल रात्रीच कापून ठेवली होती. मी कान लावून उभी होते. बोक्याचा आधी खुदकन हसल्यासारखा आवाज आला, कारण बाप त्याच्याशी नेहमी खेळतोच. मग किंचाळला. मग दार उघडलं, मास्तरने त्याला माझ्याकडे दिलं आणि लगेच मोरीत गेला. बोका हुंदके देत माझ्या कुशीत शिरला, शोधलं, धरलं आणि प्यायला लागला. घटाघट नाही, पण गिळल्याचा आवाज स्पष्ट येत होता, एकामागून एक.

दुपारीही तसंच. संध्याकाळी मास्तर नुसता दारात आला तरी बोक्याने ओठ घट्ट मिटले. बापाला बघून. कालपर्यंत याच बापाला बघून हातपाय झाडायचा. मास्तरने ते बघितलं, तरी त्याला उचलला, आत नेला, काम केलं आणि आणून माझ्याकडे दिला.

मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला. हात धुवायला इतकं पाणी कशाला लागतं, म्हणून मी आतून ओरडले. तो बाहेर आला तेव्हा तोंडही धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. मी थोडी सरकले आणि त्याला पलंगावर जागा केली.

तो काठावर बसला. बोक्याने पिणं थांबवलं आणि त्याच्याकडे बघितलं. मास्तरने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बोका जरा वेळ बघत राहिला, मग पुन्हा प्यायला लागला.